कंपनी मुंबईची, दंड ब्रसेल्सचा: युरोपातला स्पर्धा कायद्याचा वकील नेमकं काय करतो

९ जुलै २०१४ रोजी ब्रसेल्समधल्या युरोपीय आयोगाने, म्हणजे युरोपीय संघाच्या कार्यकारी संस्थेने, सर्व्हिए या फ्रेंच औषध कंपनीला आणि तिच्याशी तडजोड करणाऱ्या पाच जेनेरिक कंपन्यांना मिळून सुमारे ४२ कोटी ७७ लाख युरोंचा दंड ठोठावला. त्या पाचांतली दोन नावं आपल्याकडच्या कुठल्याही केमिस्टला पाठ असतील: ल्युपिन आणि युनिकेम. दोन्ही मुंबईच्या. ल्युपिनच्या वाट्याला ४ कोटी युरो आले. युनिकेम आणि तिची निश ही ब्रिटनमधली उपकंपनी यांना मिळून सुमारे १ कोटी ४० लाख.

प्रकरण होतं पेरिंडोप्रिल या रक्तदाबावरच्या औषधाचं. मूळ रेणूवरच्या पेटंटची मुदत संपली होती, पण औषध बनवण्याच्या पद्धतीवरची आणि त्याच्या स्फटिकरूपावरची पेटंटं सर्व्हिएच्या हातात होती. जेनेरिक कंपन्या त्यांना आव्हान देत होत्या. २००५ ते २००७ या काळात एकेकीशी तडजोड झाली. ल्युपिनने जानेवारी २००७ मध्ये माघार घेतली आणि सर्व्हिएने तिचे या औषधासंबंधीचे पेटंट-अर्ज ४ कोटी युरोंना विकत घेतले. कागदावर पाहिलं तर दोन कंपन्यांनी दावा आपसांत मिटवला, एवढंच. असे दावे रोज मिटतात.

आयोगाला त्यात वेगळंच दिसलं. बाजारात येऊ शकणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला पैसे देऊन बाहेर थांबवलं गेलं, आणि त्याची किंमत रुग्णांनी आणि सरकारी आरोग्यसेवांनी मोजली. ती किंमत किती, याचा अंदाज ब्रिटनमध्ये आला. २००७ मध्ये तडजोड न करता लढत राहिलेल्या एका कंपनीने तिथलं पेटंट रद्द करून घेतलं आणि जेनेरिक पेरिंडोप्रिलचा भाव सर्व्हिएच्या आधीच्या भावापेक्षा सुमारे ९० टक्क्यांनी खाली आला. ल्युपिनने युरोपीय संघाच्या लक्झेंबर्गमधल्या न्यायालयात शेवटपर्यंत दाद मागितली. २०१८ मध्ये खालच्या पायरीवर हार झाली, २७ जून २०२४ रोजी वरच्या पायरीवरही. सही २००७ ची, शेवटचा निकाल २०२४ चा.

युरोपातल्या स्पर्धा कायद्याच्या वकिलाचं करिअर समजून घ्यायचं तर मी हे प्रकरण समोर ठेवतो. या वकिलाचं नाव पेपरात येतं ते निकालाच्या दिवशी. पण माझ्या मते त्याची खरी किंमत सहीच्या आदल्या आठवड्यात असते, म्हणजे करार अजून मसुदा असतो आणि हजारो मैलांवरच्या अशिलाला एखादं कलम गाळायला सांगता येतं, तेव्हा. नंतर उरते ती बचावाची लढाई.

कायदा थोडक्यात

१९५७ च्या रोम करारापासून युरोपच्या सामायिक बाजाराला दोन मूळ नियम आहेत. आज ते कलम १०१ आणि कलम १०२ म्हणून ओळखले जातात. पहिला सांगतो, प्रतिस्पर्ध्यांनी साटंलोटं करायचं नाही: भाव ठरवून घ्यायचे नाहीत, गिऱ्हाइकं वा प्रदेश वाटून घ्यायचे नाहीत, उत्पादन मुद्दाम आखडायचं नाही. दुसरा सांगतो, बाजारात तुमचं वर्चस्व असेल तर त्याचा गैरवापर करायचा नाही. मोठं होणं हा गुन्हा नाही. मोठेपणाच्या जोरावर दुसऱ्याची वाट अडवणं हा गुन्हा आहे. १९८९ मध्ये तिसरी गोष्ट आली. ठरावीक आकाराच्या वरच्या विलीनीकरणांना आधी आयोगाची परवानगी लागू लागली.

आता आपल्याकडच्या उद्योजकाला पडणारा पहिला प्रश्न: आमचा कारखाना तारापूरला किंवा चाकणला, मग ब्रसेल्सचा काय संबंध? त्याचं उत्तर १९८८ च्या लाकडाच्या लगद्याच्या खटल्यात मिळालं. अमेरिका, कॅनडा आणि तेव्हा सदस्य नसलेला फिनलंड इथल्या उत्पादकांनी आमच्यावर तुमचा अधिकार चालत नाही, असा पवित्रा घेतला होता. न्यायालयाने म्हटलं, संगनमत कुठे बसून केलं याला महत्त्व नाही, ते अमलात कुठे आणलं ते पाहायचं. माल युरोपात विकला ना? मग अधिकार आहे.

दंडाची कमाल मर्यादा आदल्या वर्षीच्या उलाढालीच्या १० टक्के. नफ्याच्या नव्हे, उलाढालीच्या, आणि तीही जगभरातल्या. उपकंपनी शंभर टक्के मालकीची असेल तर तिच्या वागण्याची जबाबदारी मूळ कंपनीची आहे असं गृहीत धरलं जातं. म्हणून नेदरलँड्समधल्या वीस-तीस माणसांच्या विक्री कार्यालयाने केलेल्या चुकीची मर्यादा मुंबईतल्या अख्ख्या समूहाच्या ताळेबंदावरून काढली जाऊ शकते. परदेशी अशिलाला हे गणित पहिल्याच बैठकीत समजावून सांगावं लागतं आणि ते ऐकल्यावर समोरच्या मंडळींचा सूर बहुधा बदलतो.

पत्र कोणी लिहिलं?

या पेशात एक बाब अशी आहे की जी भारतातल्या कंपन्यांना, इतकंच काय, भारतातल्या अनुभवी वकिलांनाही चकित करते. वकील आणि अशील यांच्यातला पत्रव्यवहार गोपनीय असतो हे आपण धरून चालतो. युरोपीय आयोगाच्या तपासात हे संरक्षण दोन अटींवर मिळतं, आणि त्या १९८२ पासून ठरलेल्या आहेत. पत्रव्यवहार अशिलाच्या बचावाच्या हक्कासाठी झालेला असावा, आणि वकील स्वतंत्र असून युरोपातल्या सदस्य देशाची सनद असलेला असावा.

२०१० मध्ये अक्झो नोबेल या डच कंपनीच्या खटल्यात हे पुन्हा पक्कं झालं. २००३ मध्ये मँचेस्टरजवळच्या कार्यालयाच्या झडतीत आयोगाच्या अधिकाऱ्यांनी कंपनीचा व्यवस्थापक आणि कंपनीच्याच पगारावरचा वकील यांच्यातले दोन ईमेल उचलले. त्या वकिलाकडे नेदरलँड्सची सनद होती. तरी न्यायालयाने म्हटलं, जो कंपनीचा नोकर आहे तो बाहेरच्या वकिलाइतका स्वतंत्र असू शकत नाही. संरक्षण नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा. मुंबईच्या मुख्यालयातल्या विधी अधिकाऱ्याने संचालकांना प्रामाणिकपणे लिहिलं, ‘आपले युरोपातले विक्री प्रमुख प्रतिस्पर्ध्यांशी भावाबद्दल बोलतात असं दिसतंय, हे तातडीने थांबवा.’ सल्ला अगदी योग्य. पण झडतीत सापडला तर तोच कागद आयोगाच्या हातातला पुरावा ठरू शकतो. तोच मजकूर मुंबईतल्या नामांकित सॉलिसिटरने लिहिला असता तरी फरक पडला नसता. म्हणून ब्रसेल्समधला वकील प्रकरण हातात घेतल्याबरोबर पहिली सूचना देतो ती ही: या विषयावर आता आपसांत लेखी काही नको, जे लिहायचं ते आमच्यामार्फत. ब्रेक्झिटनंतर लंडनच्या शेकडो सॉलिसिटरांनी आयर्लंडच्या यादीत नाव घालून घेतलं, त्यामागचं एक मोठं कारण हेच होतं. सदस्य देशाची सनद गेली की अशिलाला देता येणारं हे कवच जातं.

मला व्यक्तिशः ही विभागणी कंपनीतल्या वकिलांवर अन्याय करणारी वाटते. चूक सर्वांत आधी त्यांच्याच लक्षात येते, आणि त्यांनीच ती लिहून ठेवायला कचरावं अशी व्यवस्था बरी नव्हे. पण नियम आहे तो असा आहे.

सकाळची झडती

आयोगाचे अधिकारी येतात ते बहुतेक सकाळी, कार्यालय उघडता उघडता, आणि अनेकदा एकाच वेळी दोन-चार देशांतल्या पत्त्यांवर. हातात आयोगाचा निर्णय असतो आणि तपासाचा विषय त्यात लिहिलेला असतो. वकिलाला फोन जातो. अधिकारी थोडा वेळ थांबू शकतात, पण वकील येईपर्यंत थांबलंच पाहिजे असं बंधन त्यांच्यावर नाही. त्यामुळे फोनवरच्या पहिल्या पाच मिनिटांत स्वागतकक्षातल्या माणसाला काय सांगायचं याची तालीम आधीच झालेली असावी लागते. निर्णयाची प्रत घ्या, ती आम्हाला पाठवा, अधिकाऱ्यांना एका खोलीत बसवा, आयटीच्या माणसाला बोलवा, कोणीही काहीही पुसू नका, बाहेर कोणाला फोन करू नका.

मग दिवसभर एकेका अधिकाऱ्यासोबत एकेक वकील सावलीसारखा फिरतो. अधिकारी ज्याची प्रत घेईल त्याची दुसरी प्रत वकील घेतो. प्रश्न विषयाबाहेर गेला तर नोंद करतो. एखादा ईमेल वकिलाच्या सल्ल्याचा असेल आणि त्यावर वाद झाला तर तो पाकिटात सीलबंद होतो, नंतर त्याचा निकाल लागतो. काम एका दिवसात संपलं नाही तर खोलीला सील लावून मंडळी जातात. हे सील म्हणजे चेष्टा नव्हे. २००६ मध्ये एऑन या जर्मन वीज कंपनीच्या म्युनिकमधल्या कार्यालयात रात्रीतून सील बिघडलेलं आढळलं. साफसफाईच्या द्रावणाने तसं झालं असावं, असं कंपनीने सांगून पाहिलं. ते टिकलं नाही. दंड झाला ३ कोटी ८० लाख युरो, तोही केवळ सीलपायी.

आता कपाटांपेक्षा मोबाइल महत्त्वाचे झालेत. जून २०२४ मध्ये इंटरनॅशनल फ्लेवर्स अँड फ्रॅग्रन्सेस या अत्तरं आणि स्वादद्रव्यांच्या कंपनीला १ कोटी ५९ लाख युरोंचा दंड झाला, कारण झडती चालू असताना एका वरिष्ठ कर्मचाऱ्याने प्रतिस्पर्ध्याशी झालेले व्हॉट्सअॅपवरचे संदेश पुसले होते. मूळ आरोप सिद्ध होवो न होवो, हा दंड वेगळा. वकिलाने कितीही बजावलं तरी घाबरलेला माणूस बोट कुठे ठेवेल हे सांगता येत नाही, म्हणून चांगले वकील दर वर्षी अशिलाकडे जाऊन खोट्या झडतीचा सराव घेतात. या कामात झगमगाट नाही, पण अशिलाचा पैसा सर्वांत जास्त यातच वाचतो.

आधी कोण बोलतो

झडतीच्या रात्री वकिलाला अशिलासमोर एक अवघड निवड मांडावी लागते. आपल्या कंपनीने खरोखर संगनमत केलं असेल तर आयोगाकडे जाऊन सगळं उघड करायचं का? जो पहिला येऊन पुरेसा पुरावा देतो त्याचा दंड पूर्ण माफ होतो. दुसऱ्याला ३० ते ५० टक्के सूट, तिसऱ्याला २० ते ३०, पुढच्यांना २० टक्क्यांपर्यंत. दुसरा नंबर काही तासांच्या उशिरानेही लागू शकतो.

ट्रकच्या कार्टेलमध्ये, म्हणजे ट्रक उत्पादकांच्या संगनमतात, काय झालं ते पाहा. युरोपातल्या बड्या ट्रक उत्पादकांनी १९९७ ते २०११ अशी चौदा वर्षं कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या ट्रकच्या मूळ भावाबाबत आणि प्रदूषणाचे नवे निकष पाळण्याचा खर्च गिऱ्हाइकावर कसा टाकायचा याबाबत मेतकूट जमवलं होतं. मान या कंपनीने आधी तोंड उघडलं. २०१६ मध्ये बाकीच्यांना मिळून सुमारे २९३ कोटी युरोंचा दंड झाला. मान कंपनीला शून्य, एरवी तिला सुमारे १२० कोटी भरावे लागले असते. स्कॅनियाने तडजोड नाकारली आणि २०१७ मध्ये तिला ८८ कोटींचा वेगळा दंड झाला.

पण माफी मिळाली म्हणजे सुटका झाली असं नसतं, आणि इथे वकिलाचं आंतरराष्ट्रीय डोकं लागतं. ब्रसेल्समध्ये कबुली दिली की त्याच कार्टेलबद्दल अमेरिकेत फौजदारी चौकशी लागू शकते. तिथे तर माणसं तुरुंगात जातात. भारतातही स्पर्धा आयोगाकडे पहिल्याने येणाऱ्याला सवलत मिळते. म्हणून ब्रसेल्स, वॉशिंग्टन, लंडन, दिल्ली इथल्या वकिलांना एकाच रात्री, एकमेकांशी ताळमेळ ठेवून हालचाल करावी लागते. त्यानंतर नुकसानभरपाईचे दावे येतात. ट्रकच्या निर्णयानंतर युरोपभरच्या वाहतूकदारांनी आपापल्या देशांच्या कोर्टांत जे दावे लावले त्यांवर वकिलांच्या एका पिढीचं काम चाललंय.

टाटा स्टील आणि न झालेलं लग्न

शांततेच्या काळातलं या वकिलाचं निम्मं काम विलीनीकरणांचं असतं. इथेही आपल्याला जवळचं उदाहरण आहे. टाटा स्टील आणि जर्मनीची थिसेनक्रुप यांनी २०१७ च्या सप्टेंबरात ठरवलं की युरोपातला पोलादाचा धंदा एकत्र करायचा. टाटांचे कारखाने नेदरलँड्समध्ये आयमाउडनला आणि वेल्समध्ये पोर्ट टालबटला, थिसेनक्रुपचे डुइसबर्गला. लक्ष्मी मित्तल यांच्या आर्सेलरमित्तलनंतरची युरोपातली दुसऱ्या क्रमांकाची पोलाद कंपनी तयार होणार होती.

आयोगापुढे प्रकरण जातं ते उलाढालीच्या निकषांवर. दोघांची जगभरातली एकत्र उलाढाल ५०० कोटी युरोंच्या वर आणि किमान दोघांची युरोपीय संघातली उलाढाल प्रत्येकी २५ कोटींच्या वर, हा मुख्य निकष. अर्ज दाखल झाल्यावर पहिल्या टप्प्याला कामकाजाचे २५ दिवस, शंका राहिल्यास दुसऱ्या टप्प्याला आणखी ९०, त्यातही मुदतवाढी. मात्र अर्ज रीतसर दाखल होण्याआधी मसुदे आणि प्रश्नोत्तरं यांतच कित्येक महिने जातात. परवानगीआधी व्यवहार अमलात आणला तर वेगळा दंड. आल्टिस या दूरसंचार कंपनीला २०१८ मध्ये त्यासाठी १२ कोटी ४५ लाख युरो भरायला सांगितले गेले.

या सगळ्यातला कळीचा प्रश्न असतो, बाजार कशाला म्हणायचं? समजा हापूसचा भाव कायमचा पाच-दहा टक्के वाढला. गिऱ्हाईक पायरीकडे आणि केसरकडे वळलं तर बाजार ‘आंब्यांचा’ आहे. कुरकुरत का होईना हापूसच घेत राहिलं तर बाजार ‘हापूसचा’ आहे, आणि मग हापूसच्या दोन मोठ्या बागायतदारांनी एकत्र येणं गंभीर ठरतं. पोलादाचंही तसंच. पोलाद म्हणून पाहिलं तर जगभर रग्गड उत्पादक, चीनची आयात वेगळीच. टाटांच्या बाजूने हाच युक्तिवाद स्वाभाविक होता. आयोगाने मात्र बारीक पाहिलं. डबाबंद खाद्यपदार्थांच्या डब्यांसाठी लागणारा मुलामा दिलेला पत्रा वेगळा. मोटारींच्या सांगाड्यांसाठी लागणारा जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वेगळा. डबे बनवणाऱ्यांना आणि मोटार कंपन्यांना आयोगाने प्रश्नावल्या पाठवल्या. त्यांतून समोर आलं की या दोन वस्तूंसाठी त्यांना युरोपात मोजकेच पुरवठादार आहेत आणि आयातीवर विसंबता येत नाही.

अशा वेळी वकिलाने तोडगा मांडायचा असतो. कोणते कारखाने, कोणत्या उत्पादनरेषा विकल्या म्हणजे प्रतिस्पर्धी पुन्हा उभा राहील? टाटा आणि थिसेनक्रुप यांनी काही विकायची तयारी दाखवली. आयोगाला ती पुरेशी वाटली नाही. याहून जास्त विकलं तर एकत्र येण्यातला फायदाच उरत नाही असं कंपन्यांचं गणित झालं, आणि मे २०१९ मध्ये त्यांनीच जाहीर केलं की मंजुरी मिळेल असं वाटत नाही. ११ जून २०१९ ला मनाईचा निर्णय आला. थिसेनक्रुप कोर्टात गेली, २०२२ मध्ये हरली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अंतिम अपीलही फेटाळलं गेलं.

मला या प्रकरणात वकिलाच्या कामाचा सर्वांत कठीण भाग दिसतो. अध्यक्षांनी हात मिळवले आहेत, फोटो छापून आले आहेत, बँका तयार आहेत, आणि एका माणसाने बैठकीत सांगायचं असतं की डब्यांच्या पत्र्यावर हे अडेल. तो माणूस ते सांगू शकतो, कारण त्याने पोलादाचा धंदा शिकून घेतलेला असतो. कुठला पत्रा कुठल्या भट्टीतून निघतो, गिऱ्हाईक पुरवठादार बदलताना किती महिने चाचण्या घेतं, हे त्याला कारखान्यात जाऊन विचारावं लागतं. आज पोलाद, सहा महिन्यांनी औषधं, मग ट्रक, मग जाहिरातींचं सॉफ्टवेअर. ज्याला दुसऱ्याच्या धंद्याबद्दल मनापासून कुतूहल नाही त्याने या वाटेला जाऊ नये.

वाट कशी असते

बहुतेकांची सुरुवात आपल्या देशातल्या कायद्याच्या पदवीने होते. मग युरोपीय कायद्यातली पदव्युत्तर पदवी. बेल्जियममधल्या ब्रुज इथलं कॉलेज ऑफ युरोप त्यासाठी प्रसिद्ध आहे. आयोगाची पाच महिन्यांची पगारी उमेदवारी असते, मार्च आणि ऑक्टोबरमध्ये सुरू होणारी. तीत युरोपबाहेरच्या थोड्या उमेदवारांनाही जागा असते. तिथे स्पर्धा विभागात बसून फाइल आतून कशी दिसते हे कळलं तर ते आयुष्यभर पुरतं. पुढे अनेक जण आयोगातून वकिलीत जातात, काही उलट दिशेनेही. प्लास मादू चौकातल्या मादू टॉवरमध्ये आयोगाचा स्पर्धा विभाग आहे आणि बड्या वकिली कार्यालयांची ब्रसेल्समधली ठाणी तिथून फार दूर नाहीत. एकमेकांना ओळखणाऱ्यांचं हे छोटं गाव आहे. इथे एकदा आयोगाला चुकीची माहिती दिली की नाव जातं आणि परत मिळत नाही.

पहिली काही वर्षं कागदांची असतात. आयोगाकडून माहितीची मागणी येते: पाच वर्षांची संचालक मंडळाची टिपणं, सर्व भावपत्रकं, अमुक शब्द असलेले सर्व ईमेल, दहा दिवसांत. त्यात आयोगाकडे जाणारी प्रत आणि गुपितं झाकलेली प्रत अशा दोन आवृत्त्या. रात्री जागाव्या लागतात, हे लपवण्यात अर्थ नाही. खरं शिक्षणही त्यातच होतं, कारण कंपनी पत्रकात काय म्हणते आणि आपसांत काय लिहिते यातलं अंतर त्या ईमेलांत दिसतं.

भाषा लागतात. कामकाज बरंचसं इंग्रजीत चालतं, पण लक्झेंबर्गच्या न्यायालयाचं अंतर्गत काम फ्रेंचमध्ये होतं आणि अशिलाचे कागद जर्मन, इटालियन कशातही असू शकतात. अर्थशास्त्रही लागतं. २००२ मध्ये न्यायालयाने आयोगाचे तीन मनाई-निर्णय एकापाठोपाठ रद्द केले, त्यातल्या आर्थिक विश्लेषणावर ताशेरे ओढले, आणि २००३ मध्ये आयोगाने मुख्य अर्थतज्ज्ञाचं पद निर्माण केलं. तेव्हापासून प्रत्येक मोठ्या प्रकरणात वकिलाच्या शेजारी अर्थतज्ज्ञ बसतो. आकड्यांना घाबरणाऱ्याला इथे पुढे जाता येत नाही.

चिकाटी लागते ती वेगळीच. इंटेलला २००९ मध्ये १०६ कोटी युरोंचा दंड झाला. २०१४ मध्ये तो न्यायालयात टिकला, २०१७ मध्ये वरच्या न्यायालयाने पुन्हा विचार करायला सांगितलं, २०२२ मध्ये दंड रद्द झाला आणि त्या रद्द करण्यावर २०२४ मध्ये शिक्कामोर्तब झालं. २००९ मध्ये उमेदवारी करणारा वकील तोवर भागीदार झालेला असू शकतो. गुगलच्या शॉपिंग सेवेचा २४२ कोटींचा दंड मात्र २०२४ मध्ये कायम राहिला. जिंकणं-हरणं दोन्ही बाजूंना आहे, म्हणूनच बचावाची वकिली करण्यात मला काही वावगं वाटत नाही. आयोग स्वतःच तपास करतो आणि स्वतःच दंड ठरवतो. त्याच्यासमोर भक्कम वकील उभा नसता तर इंटेलच्या दंडाची तपासणी कोणी केली असती?

आता कामाचा पसारा वाढलाय. बड्या डिजिटल मंचांसाठी वेगळा कायदा आला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये अल्फाबेट, अॅमेझॉन, अॅपल, बाइटडान्स, मेटा, मायक्रोसॉफ्ट या सहा कंपन्या त्याखाली आल्या. त्याच वर्षी परदेशी सरकारी अनुदानांवरचा कायदा लागू झाला. भारतीय समूहांनी तो नीट वाचायला हवा. युरोपात किमान ५० कोटी युरो उलाढाल असलेली कंपनी विकत घ्यायची असेल आणि व्यवहारातल्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांत युरोपबाहेरच्या सरकारांकडून मिळून ५ कोटींपेक्षा जास्त आर्थिक लाभ मिळाला असेल, तर तेही कळवावं लागतं. त्यात करसवलतीपासून सरकारी कंपनीला विकलेल्या मालापर्यंत पुष्कळ काही मोजलं जातं.

पुण्या-मुंबईच्या लॉ कॉलेजांतल्या मुलामुलींनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. भारतीय सनदेवर ब्रसेल्सच्या कार्यालयात काम करता येईल, पण पत्रव्यवहाराचं ते कवच अशिलाला देता येणार नाही. त्यासाठी युरोपातल्या सदस्य देशाची सनद मिळवावी लागते आणि तो रस्ता लांबचा आहे. दुसरा रस्ता भारतातच आहे. आपला स्पर्धा कायदा २००२ चा, आणि आयोगाचं प्रत्यक्ष काम २००९ पासून चालू आहे. त्याची घडण युरोपच्या कायद्याच्या जवळची आहे. युरोपीय आयोगाने २०१८ मध्ये अँड्रॉइडबद्दल गुगलवर निर्णय दिला, भारतीय आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच विषयावर १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. १० सप्टेंबर २०२४ पासून २,००० कोटी रुपयांवरचे व्यवहार, कंपनीचा भारतात भरीव कारभार असेल तर, उलाढाल कमी असली तरी दिल्लीला कळवावे लागतात. युरोपचे निकाल वाचता येणाऱ्या माणसाची गरज इथल्या वकिली कार्यालयांना आणि निर्यात करणाऱ्या कंपन्यांनाही आहे.

सुरुवात करायला पैसे लागत नाहीत. आयोगाचे निर्णय, व्यापारी गुपितं झाकून, त्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात आणि न्यायालयाचे निकालही. ल्युपिनच्या प्रकरणातला २७ जून २०२४ चा निकाल आधी घ्या आणि त्यात फक्त एकच धागा धरा: जी कंपनी अजून बाजारात उतरलेलीच नव्हती तिला न्यायालयाने ‘प्रतिस्पर्धी’ का मानलं? त्यानंतर टाटा-थिसेनक्रुपचा निर्णय, तोही सगळा नको, बाजार ठरवण्याचा भाग तेवढा. पहिल्या वाचनात निम्मं कळणार नाही. दुसऱ्या वाचनात पत्र्यांचे प्रकार ओळखीचे वाटायला लागले आणि पुढचा प्रकार कोणता असेल याची उत्सुकता वाटली, तर हे काम तुम्हाला जमेल.